शेपटी फाटकाबाहेर

पुस्तकात देवमासा बोटाएवढा होता,
शेजारी कासव, तेही बोटाएवढंच.
रेवणसिद्ध म्हणाला, "बाई, खरा केवढा असतो?"
मी म्हटलं, "मोठ्ठा."
"म्हणजे केवढा?"

म्हणून शनिवारी, सकाळच्या शाळेत,
घोरपडीच्या आमच्या अर्ध्या फरशीच्या मैदानावर
मेहजबीनच्या आईचा शिवणकामाचा टेप,
डब्यातून वेचलेले तेवढे निळे खडू,
आणि चौथी ब, पट एकतीस.

देवमासा तीस मीटर, टेप दीड.
वीस वेळा ठेवायचा, वीस वेळा उचलायचा,
मध्येच कुणीतरी शिंकायचं, आकडा हरवायचा,
की पुन्हा नाकापासून.

नाक आलं पाण्याच्या नळापाशी.
डोळा पपनसाएवढा. "बस्स, एवढासाच?"
एकट्या जिभेचं वजन हत्तीइतकं,
हे ऐकून तिघांनी आपापली जीभ बाहेर काढून पाहिली.
काळीज स्कूटरएवढं असतं म्हटल्यावर
हेडबाईंची स्कूटर ढकलत आणून
बरोबर त्या जागी लावली.
हेडबाई आल्या, बघितलं,
किल्ली पर्समध्ये टाकून परत गेल्या.

पोटात चौथी ब मावली. मग चौथी अ.
मग बालवाडी, एकमेकांचे शर्ट धरून,
आणि पातेल्यासकट खिचडीच्या ताई.
"आपल्याला खाईल का?"
नाही रे. घसा त्याचा बारीक,
तुझं दप्तरसुद्धा अडकेल.
जवळ्यासारखं काहीतरी खातो, टनांनी.

बाविसाव्या मीटरला मैदान संपलं.

"वाकवूया?" एकजण म्हणाला.
"तुला वाकवू का?" मेहजबीन म्हणाली.
शिपाईमामांनी फाटक उघडलं
आणि देवमासा रस्त्यावर गेला,
उसाच्या गाड्याला वळसा घालून
कोयाभाईंच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत.
रिक्षा थांबल्या. एकाने हॉर्न दिला,
मग खाली बघून मागे घेतली.

"आणि सगळ्यात लहान कुठला?" जाईने विचारलं.
तिला वाकिटा काढून दाखवला.
एका टेपात मावतो,
डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखा,
मेक्सिकोजवळच्या एकाच आखातात राहतो.
"किती आहेत?"
मी बालवाडीच्या बाकांकडे पाहिलं.
"दोन बाकांवर बसतील. कदाचित एकावरच."
"कुणी मारले?"
"मारायचे नव्हते कुणालाच. जाळी दुसऱ्या माशासाठी होती."
हे उत्तर तिला पटलं नाही.
मलाही पटलेलं नाही.
मोठ्याचं काय झालं तेही मग सांगावं लागलं:
तेलासाठी, दिव्यांसाठी,
लाखांचे काही हजार.
जाईने काही न बोलता
मोठ्याच्या कल्ल्याखाली, म्हणजे पराखाली,
दहा छोटे वाकिटे काढले, दाटीवाटीने,
आणि प्रत्येकाला काजळ घातलं.

कोयाभाई हातातली ट्यूब तशीच धरून उभे होते.
एरवी पाना नि पंपापलीकडे बोलत नाहीत.
म्हणाले, "लहानपणी बघितला होता मी.
आमच्या बेपूरच्या किनाऱ्यावर आला होता वाहून.
सगळं गाव बघायला गेलेलं.
मेलेला होता.
जिवंत हा पहिलाच."

सोमवारी मैदानातला निम्मा पुसलेला.
काळजाच्या जागी तेलाचा एक थेंब.
रस्त्यावरचा टँकरच्या पाण्याने धुऊन गेला असणार,
असं मी वर्गात आधीच सांगून ठेवलं होतं,
म्हणजे कुणी रडायला नको.

पण फाटकाबाहेर शेपटी होती.
निळी नाही, पांढरी,
पंक्चरच्या जागी खूण करायच्या खडूने काढलेली,
आणि तिच्याशेजारी, जुन्या टायरला टेकवून, पुठ्ठ्यावर पाटी:
'येथे देवमासा आहे. गाड्या लावू नयेत.'
पुण्यात येऊन वीस वर्षं झाली त्यांना,
एवढं तर शिकणारच माणूस.

कोयाभाईंनी माप घेतलं नसावं.
शेपटी दुकान ओलांडून
पुढच्या लाँड्रीच्या पायरीला लागली होती.

"बाई," रेवणसिद्ध ओरडला,
"दोन दिवसांत वाढलाय तो!"
आणि टेप मागायला
मेहजबीनच्या घराकडे पळत सुटला.